विश्रामबाग स्टेशनजवळचा सहा गुंठ्यांचा प्लॉट अपार्टमेंटसाठी बिल्डरला द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या नावावरचा सहा गुंठ्यांचा प्लॉट सांगलीतल्या विश्रामबाग स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. बिल्डर म्हणतो, 'स्टेशन टच' म्हणून फ्लॅट हातोहात जातील. पुण्यात मेट्रोजवळ उंच इमारतींना परवानगी मिळते, तसं सांगलीतही होणार, असंही तो सांगतोय. हे खरं का, आणि प्लॉट द्यावा का?

प्लॉट द्यायला हरकत नाही. पण बिल्डर ज्या कारणासाठी मागतोय, त्या कारणासाठी देऊ नका. मी सांगलीतच इमारतींचे नकाशे करतो, महापालिकेत फायली घेऊन फिरण्यात निम्मं आयुष्य गेलंय. राहतोही विश्रामबागेतच, अपार्टमेंटमध्ये. त्यामुळे दोन्ही बाजूंनी भाजलेलं आहे.

आधी स्टेशनचं बघू. विश्रामबागेला स्टेशन आहे, फलाट आहे, पाटी आहे. पण पुण्या-मुंबईच्या गाड्या पकडायला आपण सांगली नाहीतर मिरज गाठतो. २०२४ च्या सप्टेंबरात वंदे भारत सुरू झाल्या, पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी, त्यांच्यासाठीही तेच. विश्रामबागेच्या फलाटावर दुपारी दोन वाजता जाऊन बसा, निवांत झोप लागेल. मुंबईत स्टेशनजवळ घर म्हणजे रोज दोन वेळा स्टेशन वापरणारा माणूस. आपल्याकडे स्टेशन वर्षातून पाच-सहा वेळा लागतं, तेव्हा रिक्षाला पैसे देऊन माणूस कुठूनही जातो. त्यासाठी कुणी फ्लॅटला जास्त भाव देत नाही.

आणि रुळांचा भरवसा सांगलीकराने तरी धरू नये. गावातल्या स्टेशन चौकात स्टेशन आहे का? मीटरगेज होतं तेव्हा होतं. ब्रॉडगेज आलं, रूळ सरकले, स्टेशन माधवनगर रस्त्याच्या बाजूला गेलं. चौकाला मात्र आजही स्टेशन चौकच म्हणतात. बाहेरगावचा पाहुणा तिथे बॅग घेऊन उतरतो आणि फलाट शोधत बसतो.

तुमच्या प्लॉटची खरी किंमत स्टेशनमुळे नाही, सांगली-मिरज रस्त्यामुळे आहे. आठ-दहा किलोमीटरचा हा रस्ता म्हणजेच आपली लोकल. एका टोकाला हरभट रोडची दुकानं, दुसऱ्या टोकाला मिरजेचे दवाखाने आणि जंक्शन, मध्ये विलिंग्डन आणि वालचंद ही कॉलेजं आणि विजयनगरचं कलेक्टर ऑफिस. शहरी बस एसटीच चालवते, आणि बस चुकली तर मागून वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी खासगी गाडी, येतंच. सकाळी साडेनऊला विश्रामबाग चौकात उभे राहा. मिरजेच्या दवाखान्यात ड्युटीवर निघालेल्या नर्स असतात, हातात फायलींच्या पिशव्या घेतलेली पेशंटची माणसं असतात, कर्नाटकातून आलेली कितीतरी. कॉलेजची पोरं वडापच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हरला चिकटून बसलेली, अर्धी बाहेर. ही मंडळी रोज जातात, त्यांना घर लागतं आणि त्यांच्यातल्या बहुतेकांकडे चारचाकी नाही.

आता गंमत बघा. नेमकं यांना परवडेल असं घर आपल्याकडे कुणी बांधत नाही. बिल्डरला टू बीएचके, थ्री बीएचके हवेत. कारण विचाराल तर तो 'मार्केट' म्हणेल. मी आणखी एक कारण सांगतो: पार्किंग.

साधा हिशेब करू. सहा गुंठे म्हणजे ६०७ चौरस मीटर. मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर लागतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. ती आत-बाहेर काढायला तेवढीच मोकळी जागा पुढे सोडावी लागते. म्हणजे एक गाडी सुमारे २५ चौरस मीटर खाते. तेवढ्यात एका माणसाची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी होते, आरामात नाही पण होते. बारा फ्लॅटना बारा गाड्या धरल्या तर ३०० चौरस मीटर झाले. चारी बाजूंचं मार्जिन सोडून राहिलेल्या तळमजल्यावर कॉलमांमधून हे बसवायचं म्हणजे नकाशा करणाऱ्याच्या डोक्याला मुंग्या येतात. मग गाडी कशी बसेल यावर कॉलम कुठे येणार ते ठरतं, आणि कॉलमवर तुमच्या हॉलची रुंदी. घर गाडीच्या मापाने होतं, माणसाच्या नाही.

यावर एका ठिकाणी स्टॅक पार्किंग करायला लावलं होतं. म्हणजे लोखंडी पाळणा, खाली एक गाडी, वर एक. नकाशा मंजूर झाला, दाखला मिळाला. पहिल्या पावसाळ्यात मोटर जळाली. दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे यावर दोन मीटिंगा भांडणात गेल्या. आता त्या पाळण्यावर उन्हाळ्यात कुरडया वाळतात, आणि गाड्या रस्त्यावर. माझ्याच हातचा नकाशा होता, म्हणून सांगायला लाज नाही.

तळघर काढून गाड्या खाली ढकलू, असं बिल्डर म्हणाला तर सरळ नको म्हणा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. तळघर केलंत तर वर्षातले चार महिने पंप चालू ठेवून बसायचं.

मेट्रोसारख्या एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचं म्हणाल, तर पुण्यात मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो, हे बरोबर. पण ती तरतूद मेट्रोची आहे, विश्रामबागेच्या फलाटाला लागू नाही. आपल्याला २०२० च्या डिसेंबरपासून राज्यभराची एकत्रित नियमावली लागू आहे, आणि तिचा कणा आहे तुमच्या प्लॉटसमोरचा रस्ता. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ १.१ च्या वर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. नऊ मीटर आणि पुढे रुंदी वाढत जाईल तसं मिळणारं क्षेत्र वाढत जातं. म्हणून बिल्डरशी बोलण्याआधी टेप घेऊन रस्ता मोजा. डोळ्यांना दिसतो तो नको, मंजूर लेआउटमध्ये लिहिलाय तो बघा. आणि लेआउट मंजूर आहे ना, की गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला प्लॉट आहे, तेही बघा. सांगलीत निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, पण नियमित न झालेले प्लॉट अजूनही हातोहात फिरतात. शेजाऱ्याचा दाखला बघून आपलाही असेल असं धरू नका.

तुमच्या बाजूने सगळ्यात जड पडणारी गोष्ट बिल्डरने सांगितलीच नाही. ती म्हणजे पाणी.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नास ओलांडले. गावभाग, पेठभाग, मारुती चौक, एसटी स्टँडचा परिसर, हे सगळं पाण्यात. आमचं मूळ घर गावभागातलं. २००५ च्या पुरानंतर वडिलांनी ते विकलं आणि विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तेव्हा सगळ्या भावकीने नावं ठेवली, 'भुईला पाय लागत नाही असल्या घरात कुणी राहतं का.' २०१९ ला तीच भावकी आमच्या टू बीएचकेमध्ये अकरा जणांनी राहिली, नऊ दिवस. काकूने येताना देवघरातले देव आणि लोणच्याची बरणी, एवढंच आणलं होतं.

तेव्हा स्टँडजवळ, बाजारपेठेजवळ उंच इमारती करा, असं जे नुसतं नकाशाकडे बघून म्हणतात, त्यांना सांगलीचा स्टँड पावसाळ्यात दाखवावा. मोठ्या शहराचा नियम आहे की जिथून गाडी सुटते तिथे माणसं राहावीत. आपला नियम नदी लिहिते. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. तुमचा प्लॉट दोन्हींच्या बाहेर असेल असा माझा अंदाज, पण अंदाजावर सही करू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर सर्व्हे नंबर शोधा. शिवाय शेजारच्या जुन्या माणसाला विचारा की पाऊस झाल्यावर गटार कुठून उलटतं. शामरावनगरला जाऊन बघा, तिथे नदी न येताही पाणी साठून राहतं.

तर माझं म्हणणं असं. प्लॉट पुराच्या बाहेर, बस-वडापच्या रस्त्याला चालत जाण्याइतका जवळ. अशा जागेवर बंगला बांधून दोन माणसं ठेवण्यापेक्षा दहा-बारा कुटुंबं राहिलेली बरी. शहर पसरत चाललंय, शेतं बिगरशेती होतायत, आणि लांबच्या कॉलनीत घर घेतलेला माणूस दोन मोटारसायकली आणि एक स्कूटी पाळतोय. पण बिल्डरला सांगा, सगळे फ्लॅट मोठे नकोत. निम्मे तरी वन बीएचके करा. पार्किंगचं बंधन फ्लॅटच्या क्षेत्रफळावर ठरतं, लहान घरांना ते हलकं पडतं. दवाखान्यातली नर्स, नवरा-बायको दोघंच राहणारे निवृत्त मास्तर, वालचंदच्या मुलीबरोबर येऊन राहिलेली आई, असे घेणारे मिळतात. भाड्याने तर एक दिवस रिकामं राहणार नाही.

करारनाम्याचं वकील सांगेलच. मी दोनच गोष्टी सांगतो. जागा ५०० चौरस मीटरच्या वर आहे आणि फ्लॅट आठाच्या वर होणार, तेव्हा महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच. 'छोटा प्रोजेक्ट आहे, गरज नाही' असं कुणी म्हणालं तर तिथेच चहा संपवा आणि उठा. दुसरं, कुलमुखत्यारपत्र सरसकट देऊ नका. तुमच्या वाट्याचे फ्लॅट कोणते, कोणत्या मजल्यावर, त्यांची पार्किंगची जागा कोणती, हे नकाशावर रंगवून, सही करून करारनाम्याला जोडा.

आणि लिफ्ट. लिफ्टचा देखभाल करार कोण भरणार, किती वर्षं, हे आत्ताच लिहून घ्या. माझी आई ७८ वर्षांची आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाल्यापासून ती आधार कार्ड पदराला बांधून दर पंधरा दिवसांनी तासगावला बहिणीकडे जाते, मला विचारत पण नाही. गेल्या महिन्यात सोसायटीने पैसे थकवले म्हणून लिफ्ट तीन आठवडे बंद होती. चौकातला थांबा आमच्या गॅलरीतून दिसतो. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि कोणती बस कितीला गेली ते मला संध्याकाळी सांगायची.