मधुमेह आहे, टूडी इको नॉर्मल आहे, तरी चालताना धाप का लागते?

टाइप २ मधुमेह, ईसीजी नॉर्मल, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ६० टक्के, तरी भरभर चाललं की धाप लागते आणि मनगटावरच्या घड्याळात ठोके १२० च्या पुढे जात नाहीत. हृदय कमजोर झालंय का, व्यायाम थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. एवढंच असतं तर वाचून पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'घरचे म्हणतात, तू मनावर घेत नाहीस.' म्हणून लिहितेय. हे 'घरचे' सगळ्यांकडे असतात. आमच्याकडे मोठा भाऊ आहे.

दादा पळतो. त्याला शुगर नाही, बीपी नाही आणि ज्यांना आहे त्यांच्याबद्दल दयामायाही नाही. सगळे मिळून चालायला गेलो की चढ लागताच मी मागे पडायचे. हा वर उभा राहून सगळ्यांदेखत विचारायचा, "किती झाले ठोके? एकशे अठरा? अगं, मग तू दमलीसच नाहीस! कमाल ठोके किती व्हायला हवेत? २२० वजा वय कर बघू." इकडे माझ्या छातीचा भाता चाललेला, पोटऱ्या भरून आलेल्या, आणि मी दमले नाही याचा पुरावा माझ्याच मनगटावर. एकदा 'अंगचोर' म्हणाला. सगळे हसले, मीही हसले.

पुढे स्ट्रेस टेस्ट झाली, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून ईसीजी आणि बीपी बघतात ती. छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला वायरींचा डबा, दंडाला मधूनच आवळणारा पट्टा. सुरुवातीला पायाखालचा पट्टा ताशी पावणेतीन किलोमीटरने सरकतो, पण चढ असतो, आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. टेक्निशियन सांगत होता, "मॅडम, दांडी घट्ट धरू नका, नुसते हात टेकवा." दुसरा टप्पा संपता संपता माझ्या तोंडून शब्द फुटेना. थांबवा म्हणून हातानेच खूण केली. वय ५४, म्हणजे सूत्राप्रमाणे कमाल ठोके १६६ आणि चाचणी ग्राह्य धरायला त्याच्या ८५ टक्के, साधारण १४१ लागतात. माझे १२४ ला अडकले. रिपोर्टवर शेरा आला: अपेक्षित हृदयगती गाठली नाही, निष्कर्ष काढता येत नाही. ज्यांनी चाचणी सांगितली होती ते डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नीट चाललाच नाहीत. थोडा सराव करून पुन्हा या." म्हणजे दादाच, फक्त पांढऱ्या कोटात.

मधुमेहाच्या ज्या डॉक्टरांकडे मग गेले, त्या बाईंनी स्ट्रेस टेस्टचा आलेख बाजूला ठेवून आकड्यांचा तक्ता उलगडला. चालायच्या आधी, नुसती उभी असताना पल्स ९८. थांबल्यावर पहिल्या मिनिटात फक्त ७ ने उतरलेली. हे उतरणं १२ किंवा त्याहून कमी असेल तर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. "बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारी गोळी घेता?" नाही. "अंथरुणातून उठल्यावर अंधारी येते?" येते, पण ती सगळ्यांनाच येते असं मी धरून चालले होते. त्यांनी आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. वरचा आकडा १३८ वरून ११२ वर आला. मग ईसीजी लावून मिनिटाला सहा अशा संथ लयीत खोल श्वास घ्यायला लावले. निरोगी माणसाचे ठोके श्वास घेताना वाढतात, सोडताना उतरतात. माझे जागचे हलेनात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घेतलं, कारण पल्स चढी राहायला तीही कारणं असतात. ती ठीक निघाली.

निदान झालं: हृदयाच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम. मधुमेहात नसा बिघडून तळपायांना मुंग्या येतात हे सगळ्यांना माहीत असतं. तीच गोष्ट हृदयाकडे जाणाऱ्या नसांचीही होते, हे कुणी सांगत नाही. ठोके आवरून धरणारी व्हेगस नस लांबलचक असते, ती बहुधा आधी बिघडते, म्हणून बसल्या जागी पल्स चढी राहते. ठोके वाढवणाऱ्या नसा पुढे थकतात, मग मेहनतीला हृदय वेग घेत नाही. ठोक्यांचा खालचा आकडा वर, वरचा आकडा खाली, आणि मधे जी चिंचोळी जागा उरते तेवढ्यातच चढ चढायचा. दादाला जो आळस दिसत होता तो हा.

आता तुमच्या इकोबद्दल. पंपिंग ६० टक्के म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी ६० टक्के बाहेर पडतं. तो कप्पा किती सहज भरतो, हे त्या आकड्यात नाही. मधुमेहात हृदयाचा स्नायू ताठर होऊ शकतो, रक्तवाहिन्यांत ब्लॉक नसला तरी. १९७२ पासून वैद्यकशास्त्रात याला डायबेटिक कार्डिओमायोपॅथी हे नावही आहे. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ कमी होतो. लवचिक कप्पा तेवढ्यात भरतो. ताठर कप्प्यात दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि धाप लागते. कुशीवर निवांत पडून काढलेल्या इकोवरून चढावरचं हृदय कळत नाही. भरण्यातला दोष पुष्कळदा विश्रांतीच्या इकोतही दिसतो, पण आपण सगळे पंपिंगचा आकडा बघून फाइल मिटतो. बायकांनी तर मिटूच नये. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासाच्या १९७४ च्या निष्कर्षांत मधुमेही पुरुषांना हार्ट फेल्युअरचा धोका इतर पुरुषांच्या दुपटीहून जास्त होता, मधुमेही बायकांना इतर बायकांच्या पाचपट.

रिपोर्ट दादाला पाठवला. त्याचं उत्तर: "तरी चालायला हवंच ना." हवंच! यावर वाद नव्हताच कधी. वाद होता तो किती चालायचं हे कुणाचं घड्याळ ठरवणार यावर. २२० वजा वय ही मुळात ढोबळ सरासरी. ठणठणीत माणसांतही दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात. ज्याच्या हृदयाच्या नसाच बिघडल्यात त्याला हे सूत्र लावणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. आम्हाला मोजायची असते ती जाणवणारी दमणूक. त्यासाठी बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांची ६ (काहीच दमणूक नाही) ते २० (पुरती दमछाक) अशी पट्टी असते, तिच्यावर ११ ते १३, म्हणजे बोलता येतंय पण गाता येणार नाही इतपत. घरच्यांना हेच सांगा, आणि ऐकत नसतील तर त्यांच्या पुढे चालू नका, मागे चाला, पण आपल्या चालीने.

तेव्हा व्यायाम कायमचा थांबवायचा नाही. आठवड्याला १५० मिनिटं, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नाही, सुरुवात सावकाश आणि थांबणंही सावकाश. एकदम थांबलात तर बीपी पडून भोवळ येते. सरावाने दमसास वाढतो, मधुमेहातही. माझा वाढला. ठोके फारसे वाढले नाहीत, पण चढ चढते.

मात्र तुमची धाप नसांमुळे, ताठरपणामुळे की आणखी कशामुळे, हे मी इथून सांगू शकत नाही. नुसते स्नायू कमी पडत असतील तरी दम लागतो. मधुमेहात ब्लॉक असूनही छातीत दुखेलच असं नाही, धाप हेच एकमेव लक्षण असू शकतं. म्हणून आधी दाखवा, तोवर जोर लावू नका. धाप नवी असेल, वाढत चालली असेल, छातीवर किंवा जबड्यात दाब येत असेल तर आजच. लक्षणं नसलेल्या प्रत्येक मधुमेहीने स्ट्रेस टेस्ट करत सुटावं असं मी म्हणत नाही; तशा सरसकट तपासणीने हार्ट अटॅक फारसे टळत नाहीत, हे २००९ मध्ये डायड (DIAD) नावाच्या अभ्यासात दिसलं. तुम्हाला लक्षण आहे, तुमची गोष्ट वेगळी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर चालण्याआधी शुगर बघा, कारण नसा बिघडल्या की शुगर उतरल्याची धडधडही नीट जाणवत नाही. आणि हो, तुम्ही बीटा ब्लॉकर घेत असाल तर १२० ला अडकणं हे त्या गोळीचंच काम असू शकतं. घड्याळात आकडा वाढावा म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.