केअर यादी गेली, आता जर्नल पारखायचं कसं?

तुम्हाला आलेल्या मेलमध्ये 72 तासांत प्रकाशन, 1,800 रुपये शुल्क आणि 7.236 इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती संदर्भ मिळतात त्याचा आकडा) असं लिहिलंय. यूजीसी-केअर यादी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलची यादी, बंद झाल्यावर अशा जर्नलची खात्री कशी करायची आणि पैसे न भरता पेपर सगळ्यांना खुला कसा ठेवायचा, हे तुम्ही विचारलंत.

या मेलला उत्तरच देऊ नका. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनीच देते आणि 2023पासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत छापला जातो. तीन दशांश स्थळं म्हणजे आकडा जुना तरी आहे किंवा बनावट तरी.

यूजीसीने 11 फेब्रुवारी 2025च्या सूचनेने यादी थांबवली आणि निवडीची जबाबदारी संस्था व संशोधकांवर टाकली. ती यादी असतानाही धोका होताच. यादीतल्या छापील जर्नलच्या नावाने हुबेहूब नकली संकेतस्थळं निघायची आणि लोक तिथे पैसे भरायचे.

म्हणून आधी आयएसएसएन पोर्टलवर जर्नलचा आयएसएसएन क्रमांक टाका आणि तिथलं नाव, प्रकाशक, संकेतस्थळाचा पत्ता अक्षरन् अक्षर ताडून बघा. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, दर्जाची खूण नव्हे. मग ताज्या अंकातले दोन-तीन पेपर उघडून त्यांचे डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरचा दुव्यासारखा उघडणारा कायमचा ओळख क्रमांक, चालवून बघा. दुवा भलतीकडे गेला किंवा उघडलाच नाही, तर तिथेच थांबा. मात्र डीओआय नाही म्हणून जर्नल खोटं ठरत नाही. मराठीतली कित्येक चांगली नियतकालिकं डीओआय घेतच नाहीत. त्यांच्यासाठी ग्रंथालयातला जुना छापील अंक काढा आणि त्यावरच्या क्रमांकावर संपादकांना फोन करा. संकेतस्थळावरचा क्रमांक नको, कारण नकली संकेतस्थळावर फोनही त्यांचाच असतो.

‘स्कोपस इंडेक्स्ड’, म्हणजे स्कोपस या संशोधन-सूचीत नोंद आहे, असा दावा असेल तर स्कोपसच्या मोफत सोर्स यादीत आयएसएसएन शोधा. नोंदीची वर्षं मागेच संपलेली दिसली, तर त्या जर्नलची नोंद बंद झाली आहे. हे बघायला लोक हमखास विसरतात.

पीएचडीची घाई असेल, तर नोव्हेंबर 2022च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा विचारून घ्या.

आता खुलं ठेवण्याबद्दल. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेमुळे केंद्र-राज्य सरकारी संस्थांत वाचायची सोय झाली, पण बाहेरच्या वाचकाला तुमचा पेपर बंदच राहतो. पहिला पर्याय डीओएजे या खुल्या जर्नलच्या ऑनलाइन सूचीत लेखकाकडून शुल्क न घेणारी जर्नल्स गाळून शोधण्याचा. दुसरा, नेहमीच्या जर्नलमध्ये छापून स्वीकृत हस्तलिखित खुलं ठेवण्याचा, म्हणजे परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांनंतर मंजूर झालेली, पण प्रकाशकाची मांडणी न चढलेली तुमची वर्ड फाइल. कोणती प्रत, कुठे, किती महिन्यांनी ठेवता येईल हे जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर जर्नलनिहाय मिळतं; 12 ते 24 महिन्यांची अट बऱ्याच ठिकाणी असते. झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहावर फाइल मोफत चढते, डीओआय मिळतो आणि ती कोणत्या तारखेला खुली व्हावी हेही आधीच ठरवता येतं.

चूक होते ती दोन ठिकाणी. प्रकाशकाची पीडीएफ जशीच्या तशी चढवली जाते आणि मग काढायला लागते. किंवा स्वीकृत फाइलच सापडत नाही, कारण प्रुफाच्या दुरुस्त्या त्याच फाइलवर झालेल्या असतात. स्वीकृतीचा मेल आला त्याच दिवशी त्या फाइलची वेगळी प्रत करून नावात तारीख घाला.