हेंड्रिक्सच्या गिटारीचा ‘फीडबॅक’ : प्रतिसाद, प्रत्याभरण की फीडबॅकच?

प्रश्न असा आहे : ‘वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने गिटारच्या प्रतिसादातून बॉम्बस्फोटांचे आवाज काढले’ या वाक्यात (वुडस्टॉक हा 1969 चा अमेरिकेतील संगीत महोत्सव, हेंड्रिक्स हा अमेरिकन गिटारवादक) ‘फीडबॅक’साठी योजलेला ‘प्रतिसाद’ बरोबर आहे का, आणि नसल्यास काय लिहावे?

‘प्रतिसाद’ येथे चालणार नाही. प्रतिसाद एकाने दुसऱ्याला द्यायचा असतो, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे श्रोत्यांचा जल्लोष उभा राहतो. फीडबॅकमध्ये दुसरे कोणी नसतेच. तारेचे कंपन पिकअप (गिटारीवर तारांखाली बसवलेला चुंबकी ग्राहक) टिपतो, अॅम्प्लिफायर ते वाढवतो, स्पीकरमधून निघालेला आवाज तीच तार पुन्हा हलवतो आणि हे चक्र चालू राहिल्याने एकदा छेडलेला सूर विरण्याऐवजी टिकतो, कधी वरच्या सुरात चढतो. मंगल कार्यालयातला माइक स्पीकरजवळ नेल्यावर शिट्टी मारतो, तो याच कारणाने. ‘घुमारा’ जवळचा वाटतो खरा, पण घुमारा ओसरत जातो. ‘प्रत्याभरण’ हा पारिभाषिक शब्द अर्थाने चोख आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात तो शोभेल, संगीतावरच्या लेखात मात्र वाचक त्यावर अडखळेल.

‘गोंगाट’ हा पर्याय तर मला अन्यायकारक वाटतो. रविवारी संपायचा महोत्सव लांबून 18 ऑगस्ट 1969 ची सोमवार सकाळ उजाडली होती आणि न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथील त्या शेतावरून बहुतेक श्रोते निघून गेले होते, तेव्हा हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत शब्दांविना गिटारीवर वाजवले. अग्निबाण आणि बॉम्ब यांचा उल्लेख असलेल्या ओळींपाशी त्याने चाल सोडली, फीडबॅक धरला, व्हॅमी बारने (तारांचा ताण बदलणाऱ्या दांडीने) तो सूर खोल खाली ओढला, पुढे लष्करी अंत्यविधीच्या बिगुलाची धूनही गुंफली आणि मग पुन्हा मूळ चालीवर आला. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते आणि हेंड्रिक्स स्वतः लष्कराच्या हवाई छत्रीदलात राहिलेला होता. स्पीकरपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात उभे राहिल्यावर कोणता सूर उमटेल, याचे इतके पक्के भान असलेल्या वादनाला गोंगाट म्हणता येत नाही.

म्हणून ‘फीडबॅक’ हाच शब्द, पुंल्लिंगी, ठेवावा आणि अर्थभेदाचे काम क्रियापदावर सोपवावे. ‘फीडबॅक दिला’ म्हटले की अभिप्राय दिला, असाच अर्थ होतो; ‘फीडबॅक काढला’ किंवा ‘धरला’ म्हटले की तो वाद्याचा झाला, कारण सूरही आपण काढतो आणि धरतो. मूळ वाक्य असे करता येईल : ‘हेंड्रिक्सने गिटारीतून फीडबॅक काढून बॉम्बस्फोटांचा भास निर्माण केला.’ बीटल्सच्या 1964 च्या ‘आय फील फाइन’ गीताच्या आरंभीच्या सुराबद्दल लिहिताना मात्र दोन क्रियापदे लागतील. लेननने गिटार अॅम्प्लिफायरला टेकवली तेव्हा फीडबॅक आपसूक ‘आला’, असे मॅकार्टनी यांनी सांगितले आहे. ध्वनिमुद्रणात मात्र तो हेतुपूर्वक ‘काढला’.