जुनं जहाज लोकवर्गणीतून वाचवून संग्रहालय करता येतं का? विक्रांतचं का नाही जमलं?

तुमच्या धक्क्यालगत पडून असलेल्या जुन्या लाँचसाठी गावातून पैसे जमवताय असं प्रश्नात लिहिलंय. जमतील. पण वर्गणी नक्की कशासाठी मागताय ते आधी ठरवा. मी मुंबईत जहाजदुरुस्तीत बावीस वर्षं काढली, तळाच्या प्लेटा बदलणं हेच काम. त्यामुळे कुठलंही जहाज दिसलं की माझी नजर आधी बुडाकडे जाते.

विक्रांत, म्हणजे नौदलाची जुनी विमानवाहू युद्धनौका, १९९७च्या जानेवारीत निवृत्त झाली आणि २००१पासून लोकांना बघायला मिळू लागली. मी मुलीला घेऊन गेलो होतो. ती हँगरमधल्या विमानांभोवती बागडत होती आणि मी भिंतीच्या रंगावर आलेले फुगे बघत होतो. असा फुगा नखाने दाबला की रंगाची पापडी सुटते, आणि बोटाला तपकिरी भुगा लागतो. वर हे, तर पाण्याखाली काय असेल!

पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात ठेवलं की ठरावीक वर्षांनी सुक्या गोदीत (पाणी उपसून कोरड्या केलेल्या हौदात) घ्यावंच लागतं: शिंपले खरवडा, जाडी मोजा, पातळ झालेल्या प्लेटा कापून नव्या बसवा, गंज स्वतःवर ओढून घेणारे झिंकचे ठोकळे बदला, रंग द्या. हा खर्च कधी संपत नाही, आणि त्यासाठी कुणी हार-तुरे घेऊन येत नाही. २०१२ साली विक्रांत धोकादायक म्हणून बंद झाली, २०१४ला साठेक कोटींच्या लिलावात भंगारात गेली. मग सगळ्यांना उमाळा आला. तिच्या पोलादाची मोटरसायकलसुद्धा निघाली.

विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचं तर आणखी बोलकं. २०१८ला राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. २०२०ला ती ३८.५४ कोटींना विकली जाऊन गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथे, गेली. जहाज स्वस्त असतं हो, ते ठेवणं महाग.

जमलेलं उदाहरणही मुंबईचंच आहे. जमशेटजी बोमनजी वाडियांनी इथल्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ला पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं काम चाललं, खर्च एक कोटी पौंडांच्या वर. सागवान होतं म्हणून निभावलं, हे माझं मत.

लोखंडाचं बघायचं तर इंग्लंडमधल्याच ब्रिस्टलची ‘ग्रेट ब्रिटन’ नावाची जुनी बोट. १९७०ला फॉकलंडहून तिचा सांगाडा आणायला जॅक हेवर्ड या एका धनिकाने पैसे दिले. तिला कोरड्या गोदीतच ठेवलंय. पाण्याच्या रेषेवर काचेचं छत, वर थोडं पाणी, खाली यंत्राने सुकवलेली हवा, म्हणजे गंज थांबतो. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी तर सरळ किनाऱ्यावर ओढून घेतलीय. तुमच्या लाँचला हाच मार्ग सुचवेन. ओढायचा खर्च एकदाच.

पावतीपुस्तकं छापण्याआधी तळाचं जाडीमापन करून घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत. नाहीतर पहिली वर्गणी रंगात आणि उद्घाटनाच्या मांडवात जाईल, आणि दुसऱ्यांदा मागायला गेलात की लोक दार उघडणार नाहीत. मापनाचे आकडे आले की इथे टाका, कुठल्या प्लेटा जाणार ते बघून सांगतो.