मागच्या खोलीचा नाद सोडा, वरच्या मजल्याचा अर्ज करा

ताई, तुमचा मेसेज आणि सगळे फोटो दोनदा बघितले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या पाठीमागच्या बाजूला दोन गुंठ्यात सासऱ्यांनी 1988 ला नऊशे फुटाचं घर बांधलं, आता घरात सात माणसं आहेत, धाकट्या दिरांचं लग्न ठरलंय, म्हणून तळ्याच्या अंगाला दहा बाय बाराची एक खोली आणि वर एक मजला काढायचाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय आधी स्लॅब टाकू, मग रेग्युलर करून घेऊ, मागं चार कॉलमचे खड्डे पण काढून झालेत आणि शेजाऱ्यांनी महापालिकेत तक्रार दिलीय.

पहिलं म्हणजे आजच्या आज काम थांबवा. उद्या गवंडी आला तर चहा पाजून परत पाठवा, पण खड्ड्यात सळी उभी राहू देऊ नका.

का ते सांगतो. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राचा प्रादेशिक आणि नगररचना कायदा 1966 चा, त्याच्या कलम 54 खाली महापालिका चालू काम थांबवू शकते, 53 खाली पाडायची नोटीस देऊ शकते, आणि 52 खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दंड दोन ते पाच हजारच आहे, त्यामुळं लोक हे कलम हलक्यात घेतात, पण गुन्हा दाखल झाला की तारखांना घरातल्याच कुणाला तरी उभं राहावं लागतं आणि तुमच्या बाबतीत ते सासरे असतील, कारण जागा त्यांच्या नावावर आहे.

तुम्ही लिहिलंय की सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय कोण हात लावू शकत नाही. निकाल खरा आहे, 13 नोव्हेंबर 2024 चा, पण तो पुढं वाचा. रस्ता, फूटपाथ अशा सार्वजनिक जागेतली, रेल्वे लाइनला किंवा नदी-तळ्याला लागून असलेली अनधिकृत बांधकामं त्या संरक्षणातून कोर्टानं स्वतःच वगळलीत. म्हणजे ज्या खोलीसाठी तुम्ही या निकालावर विसंबलाय त्याच खोलीला ते संरक्षण मिळेल याचा भरवसा नाही.

आता शेजाऱ्यांचं. ते म्हणतात तळ्यापासून 75 मीटरमध्ये काहीच बांधता येत नाही, तर तसा सरसकट नियम नाही. हरित लवादानं 2016 ला बंगळुरूच्या तळ्यांसाठी ते अंतर सांगितलं होतं आणि सुप्रीम कोर्टानं मार्च 2019 मध्ये ते रद्द केलं. आपल्याकडं बघायचं ते वेगळंच. विकास आराखड्यात तुमचा तुकडा रहिवासी झोनमध्ये आहे का हरित पट्ट्यात, निळ्या-लाल पूररेषेच्या आत आहे का बाहेर, आणि तळं पाणथळ म्हणून अधिसूचित आहे का, असलं तर 2017 च्या नियमानं सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरमध्ये कायमचं बांधकाम बंद. झोन दाखला आणि विकास आराखड्याचा (डीपी) भाग नकाशा नगररचनामधून काढा, पूररेषेचं पाटबंधारेकडून लेखी घ्या. कोल्हापुरात पंचगंगा 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका हे लहान पोर पण सांगतं, पण परवान्याला ती फुटं चालत नाहीत, तिथं निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा.

निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम बंद आहे. मात्र आधीपासूनच्या अधिकृत घराच्या पुनर्बांधणीला पाटबंधारेच्या ना-हरकतीवर आणि लाल रेषेच्या वर 0.45 मीटर उंची ठेवून वाट आहे, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात सुद्धा तीच उंचीची अट. सगळं अडतं ते 'अधिकृत' या एका शब्दावर. म्हणून 1988 चा बांधकाम परवाना शोधा. सासऱ्यांची ट्रंक, देवघरामागचं कपाट, जुन्या इंजिनिअरच्या फायली, सगळीकडं. माझ्या एका पक्षकाराचा असाच नकाशा आठ घड्या घातलेल्या निळ्या कागदावर सापडला, शिक्का नेमका घडीवर, वाचायला भिंग लागलं, पण त्या कागदानं घर वाचलं. नाहीच मिळाला तर महापालिकेकडं माहिती अधिकारात मागा. घरफाळ्याच्या पावत्यांवर मात्र विसंबू नका, घरफाळा भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, अनधिकृत बांधकामावर शास्ती लावणाऱ्या महापालिका अधिनियमाच्या कलम 267अ मध्येच ते सांगितलंय.

एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं त्याचं, गणित तुमच्या बाजूनं आहे. दोन गुंठे म्हणजे साधारण 202 चौरस मीटर, दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय 1.10, म्हणजे 222 मीटर, फुटात चोवीसशेच्या आसपास, आणि तुमचे वापरलेत नऊशे. पण एफएसआय शिल्लक आहे म्हणून कुठंही बांधता येत नाही, मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळं ठेवायचं अंतर, सोडून जी जागा उरते तिथंच बांधायचं, आणि मागची खोली सगळीच्या सगळी मार्जिनमध्ये आहे. शिवाय तुम्हीच पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत मागच्या कंपाउंडच्या तिसऱ्या दगडापर्यंत शेवाळ आणि त्यात अडकलेलं वाळकं केंदाळ दिसतंय. पाणी कुठवर येतं याचा पुरावा तक्रारदाराला शोधायची गरजच नाही. ही खोली मी तुमच्या जागी असतो तर मनातून काढून टाकली असती, खड्डे बुजवा आणि बुजवल्याचे तारखेसह फोटो ठेवा.

वरचा मजला मात्र लढण्यासारखा आहे. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या (कंपाउंड तळ्याच्या सरकारी जागेत दोन फूट जरी सरकलं असेल तर ते आधी आपल्याला कळू दे), स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जुना पाया मजला पेलतो का ते लेखी घ्या, आणि नकाशा आजच्या मार्जिनप्रमाणं काढायला सांगा. बाजूचं मार्जिन लहान प्लॉटमुळं बसतच नसलं तर राज्याच्या एकत्रित (युनिफाइड) बांधकाम नियमावलीत आयुक्तांना खऱ्या अडचणीत सवलत द्यायचा अधिकार आहे, हार्डशिप म्हणतात ती, प्रीमियम भरून. त्यात एफएसआय आणि रस्त्याकडचं अंतर सुटत नाही. अर्जात अडचण जागेची मांडा, लग्नाची नको, प्लॉटची रुंदी किती, मागं तळं असल्यानं सरकायला वाव कसा नाही, ते आकड्यात. नाकारला तर कलम 47 खाली 40 दिवसांत शासनाकडं अपील आहे.

लग्नाआधी हे होणार नाही, खोटी आशा लावत नाही. तोवर हॉलमध्ये पार्टिशन घालून एक खोली काढा, घराचं बाहेरचं रूप न बदलणाऱ्या आतल्या कामाला कलम 43 मध्येच परवानगी लागत नाही असं आहे, फक्त वजन पेलणारी भिंत फोडू नका. परवाना आणि झोन दाखला हातात आला की दोन्हीचे फोटो पाठवा, अर्जाचा मसुदा मी बघून देतो.