आईच्या खोलीतली गार फरशी

भाऊ, परभणीच्या गारठ्यात आईंसाठी फरशी तापवायची म्हणताय, फार चांगलं. पण फरशीखाली अंथरायच्या विजेच्या तापणाऱ्या मॅटखाली इन्सुलेशन बोर्ड (उष्णता अडवणारा थर) हवाच. नाहीतर ऊब जमिनीतच मुरते.

१० बाय १२ फुटांच्या खोलीत पलंग-कपाटाखालची जागा सोडा, तिथं मॅट नको. उरतात साधारण ८ चौरस मीटर. चौरस मीटरला १५० वॅट धरले तर १२०० वॅट, म्हणजे सलग चालल्यास तासाला १.२ युनिट. शहाबादी खुशाल ठेवा; उशिरा तापते, पण ऊब धरून ठेवते. तापमानाचा सेन्सर फरशीतच बसवा, फरशी २९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावाच, माझी कळकळीची विनंती आहे. फरशी बसवण्याआधी आणि नंतर मॅटचा रोध मल्टिमीटरनं स्वतः उभं राहून मोजून घ्या. माझ्याकडे मिस्त्रीच्या थापीनं वायर तुटली, अख्खी फरशी उखडावी लागली.