हक्काची रजा नक्की किती, मालक म्हणेल तेवढीच का?

प्रश्न : नमस्कार सर, माझे मिस्टर अंबड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहेत, तीन वर्षं झाली. कंपनीत साठेक माणसं आहेत. वर्षाला सातच पगारी सुट्ट्या देतात आणि डिसेंबरपर्यंत नाही घेतल्या की लॅप्स म्हणतात. मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी पाच दिवस मागितले तर सुपरवायझरने तोंडीच नाही सांगितलं, आम्ही गेलो तर पाच खाडे लावून पगार कापला. साहेब म्हणतात रविवार देतोच की, त्या ५२ सुट्ट्याच झाल्या. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नाही, बरोबर नाहीये. आधी रविवारचं बघू, कारण हे मी इतक्या कामगारांकडून ऐकलंय की राग येतो. आठवड्याची सुट्टी वेगळी आणि भरपगारी रजा वेगळी. उलट सलग रजा घेतली आणि मध्ये रविवार आला तर तो रजेत धरायचाच नाही. म्हणजे सोमवार ते पुढचा सोमवार घरी राहिले तर रजा आठ नाही, सातच जातात.

आता किती मिळायला पाहिजे ते. १९४८ च्या कारखाना कायद्यात हिशोब असा होता की वर्षात २४० दिवस भरले की प्रत्येक २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात २४० चे १८० दिवस झाले, २० मागे एक हा हिशोब तोच राहिला. तुमच्या मिस्टरांची हजेरी समजा २८० दिवस भरली तर १४ रजा होतात, सात नाही, अगदी निम्म्या मिळतायत त्यांना! बरं ह्या रजा कोणी उपकार म्हणून देत नाही हो, प्रत्येक वीस दिवस मशीनवर उभं राहून त्यांनी एक दिवस कमावलाय, तो पगाराचाच भाग आहे.

लॅप्सचं पण तसंच. उरलेली रजा पुढच्या वर्षात जाते, ३० दिवसांपर्यंत साठते. नव्या संहितेत वर्षाअखेरीला मागणी केली तर उरलेल्या रजेचे पैसेही घेता येतात. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तरी शिल्लक रजेचे पैसे फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशोबात, आलेच पाहिजेत, ते सोडू नका.

मे महिन्यातल्या पाच दिवसांचं मात्र मी खोटी आशा दाखवणार नाही. मंजुरी नसताना गेलात आणि अर्जही तोंडी, त्यामुळे ते खाडे काढून घेणं अवघड आहे. रजेचा अर्ज लेखी दिला असता आणि तो नाकारला असता तर ते दिवस ३० च्या मर्यादेत न धरता पुढे जमा झाले असते, म्हणून लेखीला एवढं महत्त्व. इथून पुढे निदान पंधरा दिवस आधी कागदावर अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या, शिक्का देत नसतील तर मेल किंवा व्हॉट्सॲप करा पण पुरावा ठेवा. आणि मिस्टरांना सांगा की पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, हजेरीचे दिवस त्यावरूनच मोजता येतात.

आधी एचआरकडे लेखी हिशोब मागा, तीन वर्षांचा. शक्यतो चारपाच जणांनी मिळून, एकट्याने मागितलं की त्याच्यावरच नजर राहते हे मला माहितीये. उत्तर नाही आलं तर नाशिकलाच कामगार उपायुक्तांचं ऑफिस आहे, तिथे अर्ज द्या.

प्रश्न : मी दादरला साडीच्या मोठ्या दुकानात आहे, आम्ही ३० जण आहोत. आम्हाला पण हेच लागू का?

उत्तर : तुम्हाला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा बघायचा. त्यात वर्षाला ८ कॅज्युअल, म्हणजे किरकोळ रजा आहेत, त्या मात्र वर्ष संपलं की जातात, तेव्हा वापरून टाका. हक्काची रजा तिथेही २० दिवसांमागे एक, आणि साठवायची मर्यादा ४५. शिवाय ८ सणांच्या पगारी सुट्ट्या, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्याच, बाकी चार मालक आणि तुम्ही मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. दिवाळीच्या गर्दीत त्यातल्या दिवशी बोलावलं तर पगार दुप्पट लागतो, तेवढं नक्की मागा.